खपली आणि साल

नरपडच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या गर्दीतलं एखादं जोडपं गाडीच्या किल्लीने खोडावर आपली नावं कोरून जातं. समजा, आज छातीच्या उंचीवर नाव कोरलं आणि वीस वर्षांत झाड दुप्पट उंच झालं, तर ते नाव कुठे असेल? हा प्रश्न मी ऑफिसात जेवताना बऱ्याच जणांना विचारलाय. सगळे इंजिनिअर, तरी बहुतेकांचं उत्तर एकच: वर गेलं असेल, झाडाबरोबर.

नाव छातीच्या उंचीवरच असतं. इंचभरही वर सरकत नाही. फक्त अक्षरं आडवी पसरतात आणि त्यांच्या कडा फुगतात.

याचं कारण नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि परीक्षेनंतर सोडून दिलेलं असतं. झाड उंच होतं ते फक्त टोकांपाशी. फांदीच्या आणि मुळाच्या शेंड्याला सतत विभागत राहणाऱ्या पेशी असतात, त्या प्ररोह विभाजी ऊती. जे खोड एकदा तयार झालं ते रबरासारखं ताणलं जात नाही. त्या जागी पुढे आयुष्यभर एकच होऊ शकतं, ते म्हणजे जाड होणं. जाडी वाढवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना पुस्तकात पार्श्व विभाजी ऊती म्हटलंय. त्यातला मुख्य थर म्हणजे कँबियम. काही मोजक्या पेशींच्या जाडीचा, कागदाहून फारसा जाड नसलेला हा थर सालीच्या आत खोडाभोवती गुंडाळलेला असतो. तो आतल्या बाजूला लाकूड बनवतो, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या, आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या, ज्या पानांत तयार झालेलं अन्न खाली नेतात. आत जास्त, बाहेर कमी. आतलं लाकूड साचत जातं आणि मधला गाभा हळूहळू मरतो. अजस्र वडाकडे बघून आपण ‘केवढा जिवंत’ म्हणतो, पण त्याच्या खोडाचा बहुतांश भाग मेलेला असतो. जिवंत असते ती सालीलगतची पातळ बाही.

आता आतून खोड जाड होतंय, म्हणजे बाहेरचं आवरण फाटणार. कोवळ्या फांदीची हिरवी त्वचा या ताणाला टिकत नाही. म्हणून सालीतच आणखी एक विभागणारा थर तयार होतो, आणि तो बाहेरच्या बाजूला बूच बनवत राहतो. बुचाच्या पेशींच्या भिंतींत मेणासारखा पदार्थ भरतो, पाणी आरपार जाईनासं होतं, आणि मग पेशी मरते. मेल्यावरच ती कामाची होते. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप धरला, त्यातले रिकामे कप्पे बघून त्यांना ‘सेल’ म्हटलं. आपला ‘पेशी’ हा शब्द ज्याच्या बदली येतो ते नाव अशा रिकाम्या, मेलेल्या घरांना बघून पडलेलं आहे. ही मेलेली साल वाढू शकत नाही, आतलं खोड तर वाढतंय, म्हणून सालीला भेगा पडतात. चिंचेच्या, आंब्याच्या, चिकूच्या जुन्या खोडावर ज्या खवल्या दिसतात त्या म्हातारपणाच्या सुरकुत्या नव्हेत. त्या आत वाढ चालू असल्याच्या खुणा आहेत.

इथवर ठीक. मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती पुढे आहे: खोडाला जखम झाली तर काय होतं?

आपल्याला वाटतं, भरते. फांदी तोडलेल्या जागी काही वर्षांनी कडेने गोल ओठासारखी साल वाढत येते आणि एक दिवस ती जागा झाकली जाते. ॲलेक्स शायगो नावाचा अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ होता. एका माणसाला हाताळता येईल अशी यांत्रिक करवत तेव्हा नुकती हाताशी आली होती. त्याने ती घेऊन हजारो झाडं नुसती आडवी नाही, तर उभी चिरून आत बघितलं. १९७७ साली हॅरॉल्ड मार्क्सबरोबर त्याने जे प्रसिद्ध केलं त्याचा सारांश सोप्या शब्दांत असा: झाडाची जखम कधीच भरत नाही. जखमी लाकूड दुरुस्त होत नाही, त्या जागी नव्या पेशी येत नाहीत. झाड त्या भागाभोवती भिंती घालतं. वरखाली जाणाऱ्या नळ्या बुजवतं, ही भिंत सगळ्यात कच्ची. आतल्या दिशेला वर्तुळांची एक भिंत, बाजूंना आणखी एक. आणि चौथी भिंत सगळ्यात पक्की. ती जखम झाल्यानंतर कँबियम बनवतो, आणि त्या दिवसापर्यंतचं लाकूड व त्या दिवसानंतरचं लाकूड यांच्यामध्ये ती उभी राहते.

या चौथ्या भिंतीचा परिणाम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. जखमेतून बुरशी शिरली, कुज लागली, तर ती सहसा पसरते जखमेच्या दिवशी झाड जेवढं होतं तेवढ्यातच. त्या दिवशी खोड वीत भर जाड असेल तर ते वीतभर खोड आतून पोकळ होऊ शकतं. त्यानंतर आलेलं लाकूड शाबूत राहतं. म्हणून आतून पूर्ण पोकळ असलेली झाडं दर पावसाळ्याला पालवतात आणि फळतातही. लोखंडी पाइप भरीव नसूनही भार घेतो, तसंच हे.

*

मराठीत दुःखाबद्दल बोलताना आपण जे शब्द वापरतो ते जवळजवळ सगळे कातडीवरून आलेले आहेत. जखम भरते. खपली धरते. कुणीतरी खपली काढतं. जखम चिघळते. तिच्यावर मीठ चोळतात किंवा फुंकर घालतात. साहजिकच आहे, आपल्याला कातडी आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी काही आठवड्यांत झडून नव्या येतात. गुडघा खरचटला तर पंधरा दिवसांत तिथे तीच कातडी, त्याच जागी, जवळजवळ तशीच. त्यावरून आपण माणसाच्या मनाचा आणि नात्यांचा एक नियम बनवून टाकला: काळ गेला की भरतं, आणि भरत नसेल तर जखमी माणूसच खपली काढत बसला असणार.

‘भरणे’ हे क्रियापदही बघण्यासारखं आहे. जखम भरते, खड्डा भरतो, नुकसान भरून देतात. नुकसानभरपाई या शब्दातच ते बसलंय. जणू काही जे गेलं तो एक रिकामा खड्डा होता आणि पुरेशी माती, पैसे किंवा दिवस टाकले की जमीन पूर्ववत सपाट. नरपडहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर वाढवण आहे. तिथल्या बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. त्यासाठी समुद्रात भराव घालणार आणि मच्छीमारांना भरपाई देणार. दोन्हीकडे तेच क्रियापद. बंदर हवं की नको हा वाद मी इथे काढत नाही, तो मोठा आहे आणि त्यात पोट अडकलेली माणसं दोन्ही बाजूंना आहेत. मला फक्त एवढंच खटकतं की भरपाईचा आकडा जाहीर झाला, की पुढे जो कुणी बोलेल त्याला ‘आता काय राहिलं?’ असं विचारायची सोय होते.

‘झाडाकडून शिका’ छापाचे मेसेज फॅमिली ग्रुपवर रोज येतात, सूर्योदयाच्या फोटोसकट. झाड सावली देतं, दगड मारणाऱ्याला फळ देतं, वगैरे. मला ते सहन होत नाहीत. झाड कुणाला काही देत नाही, ते बिया पसरवत असतं. झाड माफही करत नाही, कारण कुऱ्हाड कुणाची होती हे त्याला ठाऊक नसतं. निसर्गात अमुक होतं म्हणून माणसाने अमुक करावं, हा युक्तिवाद कुठल्याही दिशेने चालवता येतो. बांडगूळही निसर्गातच असतं. त्यामुळे झाड भिंती घालतं म्हणून आपणही घालाव्यात, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. कातडीची उपमा ही एक उपमा आहे, नियम नाही. जगण्याचे, वाढण्याचे दुसरेही प्रकार असतात ज्यांत जखम भरत नाही आणि तरी वाढ थांबत नाही. हे डोळ्यांसमोर असलं तर काही माणसांशी आपण कमी निर्दयपणे बोलू.

*

उदाहरण घरचंच देतो.

नरपडला आमची चिकूची वाडी आहे, फार मोठी नाही. आजोबा गेल्यावर १९९८ मध्ये माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती १९९४ सालीच झाली होती, देशभराच्या कायद्यात ती यायला २००५ उजाडलं. आत्याचं लग्न १९९६ चं. म्हणजे तिचा हिस्सा होता, कागदावर, स्पष्ट. ‘माहेर तुटू नये’ म्हणून तिने सही केली असं घरात सांगतात. ती सांगते की तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं तेव्हा कसला कागद आहे हे गाडीतच कळलं, आणि परत येताना सगळ्यांनी मिळून उसाचा रस प्यायला. मी तेव्हा एक वर्षाचा होतो. पुढे माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच वाडीतून भरली गेली. (पुन्हा ‘भरणे’.)

आत्या दर भाऊबीजेला येते. बाबांना आणि काकांना ओवाळते, ताटात पडलेल्या पाकिटाची थट्टा करते, जाताना आईकडून लोणच्याची बरणी हक्काने घेऊन जाते. तिचं आयुष्य काही तिथे अडलेलं नाही. नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा तिने शिलाईचं शिक्षण घेतलं, आता तिच्या हाताखाली चार बायका काम करतात, मुलगी फार्मसीला आहे. पण वाडीचा विषय निघाला की ती विषय बदलत नाही. शांतपणे, आवाज न चढवता, जे झालं ते तसंच्या तसं सांगते, तारखेसकट. मग कुणीतरी म्हणतं, “ताई, झालं गेलं. आता किती वर्षं तेच?” एका वर्षी ती म्हणाली, “झालं खरं. गेलं कुठे? इथेच तर आहे.”

घरात याचा अर्थ असा लावतात की ती अजून ‘बाहेर पडलेली नाही’. मनात धरून बसलीय. माझ्या पिढीची भाषा वेगळी, म्हणून माझा चुलतभाऊ म्हणतो की तिला क्लोजर मिळालेलं नाही. दोघांचंही गृहीतक कातडीचं आहे: जखम अजून दिसते, म्हणजे भरलेली नाही, भरलेली नाही, म्हणजे माणूस आजारी. मला मात्र आत्या आजारी दिसत नाही. मला तिच्यात १९९८ च्या जाडीचं एक वर्तुळ दिसतं आणि त्याच्या बाहेर जवळजवळ तीस वर्षांचं शाबूत लाकूड. दोन्ही एकाच खोडात. ओवाळणं खोटं नाही आणि तारीख सांगणंही वैर नाही.

माझ्या कामातलं एक उदाहरण इथे चपखल बसतं, म्हणून देतो. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल, बाकीच्यांनीही थोडं सहन करावं. आम्ही कोडमधले बदल गिट नावाच्या प्रणालीत नोंदवतो. एखादा बदल घातक निघाला तर तो मागे घ्यायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे रिव्हर्ट: चुकीची नोंद जिथल्या तिथे राहते आणि तिचा परिणाम पुसणारी नवी नोंद तिच्यावर चढते. दुसरा म्हणजे इतिहासच नव्याने लिहून वर फोर्स पुश करणं: जणू ते कधी घडलंच नाही. एकट्याच्या कामात दुसरा मार्ग चालतो. चार जण त्याच कोडवर उभे असतील तर तो बहुतेक टीममध्ये बंद ठेवलेला असतो, कारण इतरांनी त्या नोंदीवर पुढचं काम रचलेलं असतं. कुटुंब हे चार जणांचंच कोड आहे. ‘विसर आता’ म्हणणारा माणूस रिव्हर्ट करायला तयार नसतो, हिस्सा परत द्यायचं तो बोलत नाही. त्याला हवा असतो फोर्स पुश.

*

माझ्या म्हणण्याला एक उलटा दाखला आहे आणि तो नरपडमध्येच रस्त्याच्या कडेला उभा आहे.

ताड, माड आणि शिंदी ही झाडं वर सांगितलेल्या नियमांत बसत नाहीत. त्यांच्यात कँबियम नसतो. पामच्या कुळातलं झाड आधी जमिनीलगत आपली रुंदी ठरवून घेतं आणि मग तेवढ्याच जाडीने वर चढत जातं. पुढे खोड जवळजवळ जाड होत नाही, त्यामुळे वर्तुळं नाहीत, आपण ज्याला साल म्हणतो तशी सालही नाही. आणि म्हणून जखमेवरून काही वाढून येत नाही. नारळावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा झाड पडेपर्यंत तशाच उघड्या असतात. शिंदीची ताडी काढताना शेंड्याजवळचं खोड तासतात. दर हंगामाला नवा काप, बहुतेकदा आधीच्या विरुद्ध बाजूला. झाड वर जातं, काप मागे राहतात, आणि खोडाला जिन्यासारखा नागमोडी आकार येतो. त्या पायऱ्या मोजल्या की झाड किती हंगाम तासलं गेलं ते कळतं. सालीखाली काही नाही, सगळं अंगावर.

शिवाय पामच्या खोडातल्या कित्येक पेशी झाडाच्या सबंध आयुष्यभर जिवंत राहतात. चिकूसारखा मेलेला गाभा करून त्यावर नवं लाकूड चढवायची सोय नाही. जे आहे त्याच पेशींवर शेवटपर्यंत भागवायचं.

मी वर आत्याबद्दल जे म्हटलं ते सगळ्यांना लागू होत नाही, हे मला ताडाशिंदीकडे बघून मान्य करावं लागतं. काही माणसांच्या बाबतीत भिंतीच्या बाहेर नवं काही वाढतच नाही. तेच खोड, त्याच पेशी, आणि घाव उघडा. त्यांना ‘तू तरी पुढे वाढलास ना’ हेसुद्धा म्हणता येत नाही. आणि तरी शिंदी मरत नाही. ती एकाच दिशेने, वर, जात राहते. बाहेरून बघणाऱ्याला ती विद्रूप वाटते. कुणी वाकडं खोड बघून झाडाचा स्वभाव वाकडा म्हणत असेल, तर त्याने आधी कोयता कुणाच्या हातात होता ते विचारायला हवं.

चिकूचीसुद्धा एक जखमांची गोष्ट आहे, आमच्या भागात फारशी कुणाला माहीत नसलेली. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे चिकू म्हणजे डहाणूचाच असं आपल्याला वाटतं. मूळचं ते झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. कच्चा चिकू चिरला की जो पांढरा चीक बोटांना लागतो, तोच तिकडे खोडावर नागमोडी चिरा पाडून गोळा करत. त्याला ‘चिकल’ म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येक दशकं जगाचं च्युइंगगम त्याच्यावर चाललं. एकदा चिरा पाडल्या की झाडाला काही वर्षं विश्रांती द्यावी लागे. घाई केली की झाड मरे. म्हणजे आमच्या वाडीतल्या सज्जन दिसणाऱ्या झाडांचे दूरचे नातेवाईक अंगभर चिरा घेऊन जगलेले आहेत.

*

आत्याचा हिस्सा ही आमच्या वाडीतली एकमेव जुनी जखम नाही.

डहाणू-तलासरीत वारली शेतकऱ्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे कशा गेल्या, त्याच जमिनींवर ते वेठीने कसे राबले, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको ‘लग्नगडी’ म्हणून कसे बांधले गेले, हे गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. पुस्तक १९७० चं, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२ चा. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. आजही या भागात तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात, लाल झेंडे घेऊन माणसं येतात.

आमच्या शाळेत यातलं अक्षर शिकवलं गेलं नाही. मी हे पुस्तक पुण्यात, नोकरी लागल्यावर वाचलं. वाडीत चिकू उतरवायला येणाऱ्यांपैकी कुणाच्या पणजोबाने काय भोगलं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. ‘ते जुनं झालं, आता सगळे मिळूनमिसळून राहतात’ हे वाक्य मात्र मी बरेचदा ऐकलंय, आणि ते म्हणणारा माणूस वारली असल्याचं मला एकदाही आठवत नाही. आत्याच्या बाबतीतही तसंच. गेली जवळजवळ तीस वर्षं ‘झालं गेलं’ म्हणणारे सगळे सातबाऱ्यावर नाव असलेले आहेत.

मला वाटतं, नैतिक प्रश्न नेमका इथे आहे. जखम भरावी की नाही, हा तो प्रश्न नाहीच. ते कुणाच्या हातात नसतं. भरल्याचं जाहीर करण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न आहे. शायगोने आणखी एक गोष्ट दाखवली होती. झाडाच्या जखमेवर डांबर किंवा रंग फासायची तेव्हा सर्रास पद्धत होती. त्याने फासलेली आणि न फासलेली अशी झाडं चिरून बघितली. फासल्याने कुज थांबत नव्हती. भिंती घालायचं काम झाडाचं झाडच करत होतं. डांबराने एकच नक्की साधत होतं: बाहेरून जखम दिसेनाशी होई, आणि फासणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळे.

यावर बाबांचा मुद्दा असा, आणि तो मी टाळणार नाही: “सगळ्यांनी सगळं लक्षात ठेवलं तर घर चालेल का?” ते दुष्ट नाहीत. आजोबांच्या आजारपणाचं कर्ज त्यांनी आणि काकांनी फेडलं, १९९८ मध्ये चिकूला भाव नव्हता, आत्याच्या सासरी तेव्हा बरं चाललं होतं. त्यांच्याही खोडात वर्तुळं आहेत. पण लक्षात ठेवणं आणि घर चालणं यांचा त्यांनी लावलेला संबंध मला पटत नाही. आमचं घर चाललंय ते आत्या विसरली म्हणून नाही. ती विसरलेली नाही, हे प्रत्येक भाऊबीजेला दिसतं. लक्षात ठेवूनही ती येते म्हणून घर चाललंय. घर चालवण्याचं ते काम तिच्या एकटीच्या अंगावर टाकलेलं आहे, आणि वर ते काम दिसायला नको अशीही अपेक्षा आहे.

आणि चौथ्या भिंतीबद्दल एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. कुजीविरुद्ध ती सगळ्यात पक्की असली तरी लाकूड म्हणून ती दुबळी असते. जुनं आणि नवं लाकूड तिथे नीट जुळलेलं नसतं. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एखाद्या वादळात खोड नेमकं त्या वर्तुळाच्या रेषेत फाटतं, आणि लोक म्हणतात की चांगलं धडधाकट झाड होतं, अचानक कसं गेलं? माणसांच्या बाबतीत असं झालं की आपण म्हणतो, एवढ्याशा कारणावरून कसं फाटलं. कारण एवढंसंच असतं. रेष जुनी असते.

बाबांशी या विषयावर माझं गेल्या दिवाळीपासून तीनदा बोलणं झालं. पहिल्यांदा ते उठून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, “तुझ्या नावावर येईल तेव्हा तू काय ते कर.” तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की बक्षीसपत्र करायचं झालं तर खर्च किती येतो. मी चौकशी करून सांगितलं. पुढे काही झालेलं नाही. काकांना अजून कुणी विचारलेलं नाही. आणि आत्याला विचारलं तर ती हो म्हणेल की नाही, हेही कुणाला माहीत नाही. ‘आता कशाला’ असं ती म्हणाली तर त्याचा अर्थ काय घ्यायचा यावरच घरात दोन तट पडतील.

ऑनलाइन सातबारा काढला तर आमच्या गट नंबरवर दोन नावं दिसतात. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर तीन आहेत. तलाठ्याने तिसऱ्या नावाला कंस केलाय, खोडलेलं नाही. आपल्याकडे हक्क गेलेल्याचं नाव कंसात टाकायची पद्धत आहे, त्यामुळे ते आजही स्पष्ट वाचता येतं. शेजारी बारीक अक्षरात फेरफाराचा क्रमांक आहे. तो क्रमांक नव्या उताऱ्यावरही आलाय. तो घेऊन तहसील कार्यालयात अर्ज केला की १९९८ चा फेरफार उतारा मिळतो.